नुसते स्फटिक केले म्हणून डावं-उजवं वेगळं होत नाही

एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. म्हणे बऱ्याच औषधांत निम्मे रेणू आरशातल्यासारखे उलटे, डाव्या-उजव्या हातासारखे असतात आणि ते विषच असतं, फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरने १८४८ मध्येच नुसते स्फटिक करून ते वेगळे केले होते, कंपन्या पैसे वाचवायला करत नाहीत, आणि केलं असतं तर थॅलिडोमाइडची बाळं (गरोदरपणात आईने ते औषध घेतल्याने व्यंग घेऊन जन्मलेली) वाचली असती. हे वाचून माझ्या मावशीने डॉक्टरांना न विचारता चालू गोळ्या बंद केल्या, म्हणून लिहितोय.

पाश्चरचं खरंय, तेवढं मान्य. सोडियम अमोनियम टार्ट्रेट या क्षाराच्या स्फटिकांवरची बारीक तिरकी बाजू कुठल्या हाताला आहे ते बघून त्याने ते एकेक करून निवडले. पण साधारण २७ अंशांच्या वर तोच क्षार डावं-उजवं दोन्ही रूपं एकाच स्फटिकात घेऊन बसतो, मग निवडणार काय? बहुतेक पदार्थ असेच वागतात, डावे-उजवे सुटे स्फटिक देणारे जेमतेम ५ ते १० टक्के. बाकीच्यांना टार्टारिक आम्लासारखं एकाच हाताचं काहीतरी जोडून क्षार करायचे, मग दोन क्षारांची विद्राव्यता वेगळी पडते, एक खाली बसतो, दुसरा द्रावणात राहतो. औषध कारखान्यांत हे सर्रास चालतं.

'निम्मं विष' हेही सरसकट खोटं. पेनिसिलामाइन या औषधाच्या दोन उलट रूपांपैकी 'एल' रूप विषारी आहे, म्हणून 'डी' रूपच देतात, हे ठीक. पण आयबुप्रोफेन या वेदनाशामकाचं निकामी रूप शरीर स्वतःच बऱ्यापैकी कामाच्या रूपात बदलून घेतं.

आणि थॅलिडोमाइड! १०,००० हून जास्त बाळांच्या दुःखावर असली थाप मारताना काहीच कसं वाटत नाही? एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९५ चा पेपर आहे, 'कायरॅलिटी' जर्नलमधला. निरोगी माणसांना एकच शुद्ध रूप दिलं तरी त्यांच्या रक्तात दुसरं रूप सापडलं, कारण त्या रेणूच्या कायरल कार्बनवरचा (ज्या कार्बनमुळे डावं-उजवं ठरतं त्यावरचा) हायड्रोजन सहज सुटतो आणि परत कुठल्याही बाजूने चिकटतो. म्हणजे कितीही शुद्ध स्फटिक करून गोळीत भरा, काही तासांत दोन्ही रूपं तयार. जर्मनीत १९५७ ला ते बाजारात आलं तेव्हा गर्भावरच्या परिणामांची पुरेशी चाचणीच झाली नव्हती, खरा गुन्हा तो. अमेरिकेत औषध नियामक संस्थेतल्या (एफडीए) फ्रान्सिस केल्सींनी परवानगी अडवून धरली ती सुरक्षिततेचे पुरावे अपुरे होते म्हणून, डाव्या-उजव्या रेणूंमुळे नाही.