तिथलाच माणूस म्हणजे एकतर्फी?

युद्धावरच्या माहितीपटाचा विषय निघाला की कोणी ना कोणी म्हणतंच, "तिथलाच पत्रकार ना, मग तो एकतर्फीच दाखवणार." हे ऐकलं की मला राहवत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

‘ट्वेंटी डेज इन मारिउपोल’ या माहितीपटाचा दिग्दर्शक मस्तिस्लाव्ह चेर्नोव्ह हा युक्रेनमधल्या खार्कीव्हचा, असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेचा पत्रकार. मारिउपोल हे अझोव्ह समुद्रावरचं युक्रेनचं बंदर रशियाला हवंच असणार, हे ओळखून तो आणि छायाचित्रकार येव्हगेनी मालोलेत्का २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे, रशियाच्या हल्ल्याच्या तासभर आधी, तिथे पोचले. पुढे वेढा पडला, परदेशी माध्यमांचे बाकीचे पत्रकार निघून गेले. हे मात्र राहिले.

९ मार्चला प्रसूतिगृहावर बॉम्ब पडले. शहरात ना वीज, ना नेटवर्क. एका पोलिसाने जिथे थोडंफार इंटरनेट मिळत होतं तिथे त्यांना नेलं. अंधारात तीन मोबाईल मांडून, व्हिडिओचे तीन तुकडे करून त्यांनी ती दृश्यं बाहेर पाठवली. रशियाने लगेच ठोकून दिलं की त्या गरोदर बायका अभिनेत्री आहेत. मग या लोकांनी काय केलं? गोळीबार चालू असताना दुसऱ्या रुग्णालयात जाऊन त्या बायकांचा शोध घेतला. एकीला मुलगी झाली होती. स्ट्रेचरवरून नेलेली दुसरी आणि तिचं बाळ, दोघंही गेली होती. तेही चित्रित करून पाठवलं.

आता सांगा, शहानिशा आणखी कशाला म्हणतात? स्वतःचा देश जळत असताना माणसाचा जीव तुटणारच. पण म्हणून त्याने दाखवलेलं खोटं ठरत नाही.

चित्रीकरण सुमारे तीस तासांचं होतं. वेढ्यातून बाहेर पाठवता आलं ते जेमतेम चाळीस मिनिटांचं, आणि त्यातलं बातम्यांत दिसलं ते काही सेकंद. माहितीपट लागतो तो यासाठी. आपल्या वाहिन्यांवरही युक्रेन होतं ते तिकडे मेडिकलला गेलेली आपली मुलं परत येईपर्यंत. ती काळजी रास्तच होती, पण खार्कीव्हवर बॉम्ब त्यानंतरही पडतच राहिले.

२०२४ मध्ये या फिल्मला ऑस्कर मिळालं, युक्रेनचं पहिलंच. हा चित्रपट मला करावाच लागला नसता तर बरं झालं असतं, असं चेर्नोव्ह त्या मंचावरून म्हणाला.

गाझात तर ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायलने परदेशी पत्रकारांना स्वतंत्रपणे आत जाऊच दिलेलं नाही. तिथलं जे काही आपण पाहिलं, ते बहुतेक सगळं पॅलेस्टिनी पत्रकारांनी टिपलेलं, आणि त्यातले कितीतरी जण मारले गेले. तरी मोठ्या वाहिन्यांच्या कामात असा माणूस पुष्कळदा ‘फिक्सर’ म्हणूनच राहतो. रस्ता त्याने दाखवायचा, दुभाषा तोच, आणि नाव येणार शेवटच्या पाट्यांमध्ये कुठेतरी. मला हे अजिबात पटत नाही. त्याचं नाव वर हवं, मोबदला परदेशी सहकाऱ्याइतकाच हवा आणि विमाही हवा.