'हेडकाउंट दिलाय ना, मग करा की वजाबाकी' या प्रतिक्रियेला उत्तर

कपातीत किती माणसं काढली हे कंपन्या लपवतात, असं मी मूळ लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया आवडली नाही पण दोनदा वाचली, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की लिस्टेड (शेअर बाजारात नोंद असलेल्या) कंपन्या हेडकाउंट, म्हणजे एकूण माणसं किती ते, जाहीर करतातच, मागच्या आकड्यातून आत्ताचा वजा केला की किती जणांना नारळ दिला ते कळतं, म्हणून 'कंपन्या लपवतात' हा माझा नुसता आरडाओरडा. आणि वर असंही, की जास्त आकडे बाहेर आले तर गेलेल्यांच्याच कपाळावर शिक्का बसतो.

'लपवतात' हा शब्द चुकला, मान्य. नियम जेवढं मागतो तेवढं बहुतेक कंपन्या देतात. माझा राग खरंतर नियम एवढं कमी का मागतो यावर असायला हवा होता.

पण वजाबाकीचं म्हणाल तर मेटाचंच (फेसबुकवाली कंपनी) बघा. नोव्हेंबर 2022 मध्ये साधारण 11,000 लोकांना काढत असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबरअखेर हेडकाउंट होता 87,314 आणि डिसेंबरअखेर 86,482. करा वजाबाकी, 832 येतात! मग बाकीचे गेले कुठे? कुठेच नाही, त्यातले बहुतेक अजून हेडकाउंटमध्येच धरलेले होते, आणि हे कंपनीनेच त्या तिमाहीच्या निकालात लिहिलं होतं. मार्च 2023 अखेर आकडा आला 77,114. अमेरिकेत 1988 चा वॉर्न कायदा आहे, 100 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला मोठी कपात करायची तर 60 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, मग बऱ्याच कंपन्या काय करतात तर लॅपटॉप लगेच काढून घेतात आणि तेवढे दिवस पगार चालू ठेवतात, म्हणजे माणूस घरी आणि नाव पेरोलवर. मेटाने खुलासा केला म्हणून कळलं तरी.

मायक्रोसॉफ्टचं अजून गमतीशीर आहे. जून 2024 अखेर साधारण 2,28,000 आणि जून 2025 अखेरही साधारण 2,28,000, मधे मे महिन्यात 6,000 च्या आसपास लोकांच्या कपातीची घोषणा होऊन गेलेली. वजाबाकी शून्य. अहो हेडकाउंट म्हणजे पासबुकातली शेवटची शिल्लक, किती जमा झाले आणि किती गेले हे शिल्लक बघून कसं कळणार?

अमेरिकेत लिस्टेड कंपनीच्या कपातीचा खर्च मोठा असेल तर चार कामकाजी दिवसांत एट-के नावाचा सरकारी फॉर्म भरावा लागतो हे खरं, पण त्यात मुख्य प्रश्न असतो खर्च किती येणार हा, माणसं किती जाणार हा नाही. आपल्याकडे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2022-23 पासून टॉप 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर नावाचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला आणि तो बराच बरा आहे, कायम किती, कायम नसलेले किती, बायका किती पुरुष किती, शिवाय तीन वर्षांचा टर्नओव्हर रेट, म्हणजे वर्षाला शेकडा किती माणसं कंपनीतून गेली तो दर. फक्त त्या रेटमध्ये राजीनामा दिलेले, काढलेले, रिटायर झालेले आणि नोकरीत असताना वारलेले सगळे एकाच टोपलीत.

आता शिक्क्याबद्दल. मला एका कंपनीत (नाव नको) मीटिंग रूममध्ये बसवून एचआरने सांगितलं होतं की संध्याकाळपर्यंत राजीनाम्याचा मेल टाका, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. टाकला. माझ्यासारखे त्या आठवड्यात बरेच होते पण किती ते आजही माहीत नाही, कारण कागदावर आम्ही सगळे स्वखुशीने गेलो. पुढच्या प्रत्येक इंटरव्ह्यूत 'का सोडली?' ला मी काहीतरी गोष्ट रचून सांगायचो आणि समोरचा संशयाने बघायचा. एवढ्या एवढ्या लोकांना एकदम काढलं असं जाहीर झालं असतं तर एका वाक्यात विषय संपला असता. शिक्का बसला तो आकडा नव्हता म्हणून.

कंपन्यांच्या अहवालात मी मागतोय ते तीन रकाने: स्वतःहून गेलेले, काढलेले, आणि नोटीसवर घरी बसलेले. माझ्यासारखे जबरदस्तीचे राजीनामेवाले त्यातही पहिल्याच रकान्यात जाऊन बसतील हे मला कळतंय, त्यावर माझ्याकडेही उत्तर नाहीये, तुम्हाला सुचलं तर जरूर लिहा.

आणि हो, मूळ लेखात 'लपवतात' काढून 'सांगत नाहीत' केलंय.