‘दाढ काढल्यावर काय करायचं ते सांगितलंच नाही’ या अभिप्रायाला क्लिनिकचं उत्तर

नमस्कार. तिसऱ्या रात्री तुमचा डोळ्याला डोळा लागला नाही हे वाचून वाईट वाटलं. झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे.

एकच तारा दिलात, हरकत नाही. पण ‘दाढ घाईत उपटली, मूळ आत ठेवलं, सूचना दिल्या नाहीत’ यावर गप्प बसवत नाही. दाढ दोन्ही मुळांसकट तुमच्यासमोर धरली होती, तुम्ही तिचा फोटोही काढलात.

सूचनांचं मात्र फार लागलं. बोळा पाऊण तास घट्ट चावून धरा, बोलू नका, असं सांगून तुम्हाला बाहेर बसवलं. थोड्याच वेळात बोळा हातात आणि फोन कानाला! आमच्या ताई दुसरा बोळा घेऊन आल्या, त्यांना हातानेच ‘थांबा’ केलंत. सूचनांचा छापील कागद बाकावर तसाच राहिला. घरी गेल्यावर संध्याकाळपासून मिठाच्या गरम पाण्याने खळखळून चुळा भरल्या, हे तुम्हीच लिहिलंय. मिठाच्या पाण्याला कोण नाही म्हणतं? पण ते दुसऱ्या दिवसापासून, तेही नुसतं घोळवून अलगद सोडायचं. पहिले 24 तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही, सिगारेट नाही. (सिगारेटबद्दल इथे जास्त लिहीत नाही.) दाढेच्या जागी पडलेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच आतल्या हाडाचं झाकण. ती निघाली की हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत कळा जातात. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या दाढांना हे जास्त होतं. सगळं पाळूनही एखाद्याला होतं, म्हणून सगळा दोष तुम्हाला देत नाही. पण मूळ राहिल्यामुळे ते झालेलं नाही.

रात्री उशिरा फोन उचलला गेला नाही, खरं आहे. सकाळी क्लिनिक उघडताच आम्हीच फोन केला, खड्डा धुऊन लवंगतेलाचं औषध भरलं, खुर्चीतून उठताना ‘आता बरं वाटतंय’ म्हणालात. त्याचे पैसे घेतले नाहीत. अभिप्रायात यातलं काहीच नाही!

यापुढे कागद सोबत आलेल्या माणसाच्या हातात देऊ, रात्रीच्या फोनचंही काहीतरी बघतो.

आणि हो, खड्ड्यातलं औषध बदलायला तुम्ही अजून आलेला नाहीत. ते तसंच ठेवून चालत नाही. उद्या कधीही या, नंबर लावायची गरज नाही.