पोरांना पगाराची स्लिप वाचायला कोण शिकवणार?

आज डोकं फिरलंय. सकाळी ताईचा मुलगा आला, हातात प्लॅस्टिकच्या कव्हरमधली जाडजूड फाइल. "मावशी, हे पैसे परत मिळतील का गं?"

चाकणला नोकरीला लागला, तेव्हा पगाराचं खातं उघडायला बँकेत गेला. तिथल्या माणसाने "एफडीसारखंच आहे, वर विमा" म्हणत युलिप, म्हणजे विमा आणि शेअर बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी, गळ्यात मारलं. वर्षाला ५० हजार हप्ता! पहिला हप्ता ताईने भिशी उचलून भरला. पगार हातात येतो १९ हजार, दुसरा हप्ता आणणार कुठून? आता पाच वर्षं ते पैसे अडकले.

फाइलमध्येच लिहिलंय की पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत नको म्हणता येतं, थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात. सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरात. ते वाचायचं असतं हेच त्याला कोणी सांगितलेलं नाही.

या पोराला दहावीला गणितात ९४ होते.

नववी-दहावीच्या गणितात 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरण आहे. मान्य. नववीला आयकर, दहावीला जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड. पण शिकवतात कसं? दर्शनी किंमत, बाजारभाव, सूत्रात घाला, उत्तराखाली रेघ मारा, पुढचं प्रकरण. ती सगळी उदाहरणं आमच्या पोराने अचूक सोडवली होती. समोरचा माणूस कमिशनसाठी विकतोय, हे मात्र त्याला ओळखता आलं नाही.

वर्गात खरे कागद आणा ना! पगाराची स्लिप द्या, पीएफचे १२ टक्के कशावर कापले ते पोरांना शोधू द्या. क्रेडिट कार्डाचं बिल द्या. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरून माणूस निर्धास्त होतो आणि उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज चढत राहतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. सोळाव्या वर्षी हे एकदा स्वतःच्या हाताने मांडलं की जन्मभर विसरणार नाहीत.

करिअरचंही तेच. मार्क जास्त तर सायन्स, कमी तर आर्ट्स, आणि आयटीआय म्हणजे जणू शिक्षा. आमच्या पोराला वायरिंगचं वेड. बिल्डिंगमधले पंखे, मिक्सर सगळे त्याच्याकडे यायचे. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे त्या घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. मार्क चांगले म्हणून अकरावी सायन्स, मग बीएस्सी, आणि आता कंपनीच्या स्टोअरमध्ये माल मोजतोय. मध्यंतरी दहावीच्या मुलांची कल चाचणी व्हायची. पण त्या निकालावर मुलाशी, आईबापाशी तासभर बोलायला माणूस कुठे होता?

शिक्षकांवर आधीच निवडणुका, सर्वेक्षणं यांचं ओझं आहे, हे खरंय. नका लादू त्यांच्यावर. निवृत्त बँकवाले, पोस्टातले लोक गावोगाव आहेत, त्यांना बोलवा.

आणि "हे घरी शिकवायचं असतं" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कोणाच्या घरी? ताई पहाटे उठून डबे करते. तिने कधी पॉलिसी पाहिली होती, की ती पोराला शिकवणार? पैसे अडकलेत हे त्याने तिला अजून सांगितलेलंच नाही. माझ्यासमोर बसून मान खाली घालून म्हणाला, "आईच्या भिशीचे होते गं." पाठीवरून हात फिरवण्यापलीकडे मला काही सुचेना. चूक त्याची नाही, हे त्याला पटवायलाच अर्धा तास गेला.

फसवून विकल्याचा तक्रार अर्ज आम्ही दोघांनी बसून लिहिलाय, उद्या विमा कंपनीत देतोय. ३० दिवसांत दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाणार.

माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो, तुमच्या शाळेत नववी-दहावीला एक ऑफ तास मिळवून द्या. नावं झाकलेल्या स्लिपा, बिलं, पॉलिसीच्या झेरॉक्स मी घेऊन येते. वर्गात फक्त तुम्ही सोबत थांबा.