मोठ्यांच्या खेळाला जागा हवी

गेल्या वर्षी गौरी जागवायच्या रात्री मालवणला आमच्या माजघरात फुगड्या रंगल्या होत्या आणि पन्नाशी गाठलेली मी भिंतीला टेकून मोबाईलवर त्यांचे चित्रीकरण करत बसले होते. सत्तरी ओलांडलेल्या काकींनी माझ्या हातातला मोबाईल काढून फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, "बसलंस काय गो? ये, फुगडी घालूक."

जवळजवळ २० वर्षांनी मी फुगडी घातली. हातांची अढी घालून, पावले जुळवून मागे रेलले, की आपला तोल आपल्याकडे उरत नाही. तो समोरच्या बाईच्या हातांत जातो आणि तिचा आपल्या. एकीने जरी भिऊन अंग चोरले तरी गिरकी मोडते. आयुष्यभर नारळ खोवलेल्या काकींच्या हातांची ती घट्ट पकड मला अजून आठवते.

घरातल्या तरुण मंडळींनी लगेच सांगितले की, हा उत्तम व्यायाम आहे. असेलही, पण प्रौढ माणसाच्या खेळाला काहीतरी उपयोग चिकटवल्याशिवाय तो आपल्याला करवत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन बेभान नाचणारे पुरुष प्रकृतीसाठी नाचत नाहीत. नारळी पौर्णिमेला मालवणात नारळ लढवतात, तेव्हा एकाने मुठीत धरलेल्या नारळावर दुसरा आपला नारळ आपटतो आणि ज्याचा फुटला तो हरतो. त्या क्षणी हातात असतो फक्त नारळ आणि ऐकायचा असतो फक्त तो फुटल्याचा आवाज. नमन हे कोकणातले लोकनाट्य करणाऱ्यांना तर आपण सरळ 'खेळे'च म्हणतो. कोकणाने मोठ्यांच्या खेळाला पंचांगातच जागा दिली होती, म्हणून कोणाला त्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागत नव्हती.

ती जागा आपणच सोडत चाललो आहोत, कारण खेळण्याऐवजी आपण पाहू लागलो आहोत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा या पत्त्यांच्या खेळाच्या संचात १२० पाने असतात, प्रत्येक अवताराची १२: राजा, प्रधान आणि एक ते दहा. ही गोल पाने तिथल्या राजवाड्यात कारागीर आजही हाताने रंगवतात, याचा मला फार अभिमान आहे. तरीही ओळखीच्या घरांत मी ती पाहिली ती काचेआड, भिंतीवर. हाताच्या पंजात धरून डाव टाकण्यासाठी केलेली ती पाने आहेत, हे पाहुण्यांना सांगावे लागते.

यंदा एक संच घेतला आहे आणि खेळायचे नियम जाणणाऱ्या एका आजोबांकडे दर रविवारी जाते. गौरीसाठी मुंबईहून येणाऱ्या वहिनींनाही आधीच फोन केला. गुडघे दुखतात, असे त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितले की, तुम्ही झिम्म्याला उभ्या राहा; टाळी द्यायला मी समोर आहे.