आधी कानस, मग प्रमाणपत्र

"सुट्टीत हायस्कूलची पोरं वर्कशॉपात जाऊन करणार काय? झाडूच मारणार!" बंड्याने बसता बसता काडी टाकली.

"मारू देत की," अप्पा म्हणाले. "लेथ म्हणजे लोखंड फिरवून कातायचं मशीन. त्याखालची चिप, म्हणजे कातून निघालेली साल, हाताने ओढायची नाही, ब्रशने नाहीतर हूकने काढायची, हे झाडतानाच कळतं. ब्लेडसारखी कापते ती."

सरांना राहवेना. "पण नियोजन हवं! रोजचा अहवाल, फोटो, मूल्यमापनाचा तक्ता, समारोपाला प्रमाणपत्र..."

"पोरगं लोखंड घासायची कानस कधी धरणार, सर? फोटो काढून झाल्यावर?"

सर गप्प बसले. अप्पांना मात्र आता सूर लागला. पहिला आठवडा मशीनला हातच नाही म्हणाले. माइल्ड स्टीलचा 50 बाय 50 मिमीचा, 10 मिमी जाडीचा तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात, घट्ट बांधायचा. व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला हवा, नाहीतर पाठ जाते. "नवखं पोरगं कानस पाळण्यासारखं झुलवतं. मग कडा खाली जातात आणि मध्ये फुगवटा राहतो. कानस पुढे सरकते तसा जोर पुढच्या हातातून मागच्या हातात यायला हवा, आणि परत येताना जोर शून्य. मग गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत घासायचं. तीन दिवस जातील. जाऊ देत." तीन दिवस घासून फट बंद झाली की पोराला जे कळतं, ते फळ्यावर खडूने शिकवता येत नाही. इथे अप्पा सोळा आणे खरे.

"आणि बोट गेलं तर?" बंड्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1973 च्या 138 क्रमांकाच्या करारात धोक्याच्या कामाला वय 18 आहे. पूर्ण संरक्षण आणि त्या कामाचं नीट शिक्षण असेल, तरच 16 पासून मुभा देता येते.

"म्हणून सगळ्यांना जाड हातमोजे!" सर उसळले.

"लेथवर?" अप्पा ताडकन उठलेच. "फिरत्या जॉबने, म्हणजे कातायच्या तुकड्याने, मोजा धरला की हातासकट आत ओढतो! लेथवर हात मोकळे, बाह्या दुमडलेल्या, अंगठी-घड्याळ खिशात. जॉब पकडणाऱ्या चकची चावी चकमध्ये विसरून मशीन चालू केलं, तर गोळीसारखी सुटते. म्हणून चावी चकमधून निघेपर्यंत तिच्यावरचा हात सोडायचा नाही. हातमोजे लागतात वेल्डिंगला, कातड्याचे."

वेल्डिंग म्हटल्यावर बंड्याला चेव आला. 3.15 मिमीचा 6013 नंबरचा वेल्डिंग रॉड, 90 ते 120 अँपिअर, आर्क, म्हणजे रॉडच्या टोकापासून लोखंडापर्यंतची ठिणगी, रॉडच्या जाडीएवढा. पोरं घाबरून रॉड उचलतात, मग ठिणग्या उडतात आणि टाका पसरट, सच्छिद्र पडतो. फार टेकवला की चिकटतो. "आणि पहिल्या टाक्यावरचा स्लॅग, म्हणजे वर गोठलेलं कवच, ठोकून, ब्रश मारून काढल्याशिवाय दुसरा टाका नाही. आत अडकला तर जोड वरून छान, आतून पोकळ."

"आणि सगळे टाके एकाच बाजूने मारले तर?" अप्पांनी हळूच विचारलं.

बंड्या इकडेतिकडे बघू लागला.

"थंड होताना जोड आकसतो आणि फ्रेम त्या बाजूला ओढली जाते. आधी चारही कोपरे टॅक करायचे, म्हणजे छोट्या टाक्यांनी पकडायचे, गुण्या तपासायचा, मग आलटून पालटून समोरासमोरच्या बाजू. हे पोरांना पहिल्याच दिवशी सांग. सरांच्या गेटच्या वेळी तुला सांगायचं राहून गेलं होतं."

"अजून लाथ मारल्याशिवाय लागत नाही ते!" सर ओरडले, आणि मग बंड्यासकट कोणालाच हसू आवरेना.