कोच काढा, पण येणारा कोण ते आधी सांगा

सलग दोन-तीन मॅच हरल्या की आमच्या ग्रुपवर 'कोच हटाव' सुरू होतं. मी मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा चाहता, अंधेरीला मैदानात जाऊन घसा बसेपर्यंत ओरडणारा. तो राग माझ्याही पोटात असतो. पण दर वेळी मी एकच विचारतो: त्याच्या जागी कोण?

२० डिसेंबर २०२३ आठवतो? अंधेरीत आपण कोलकात्याच्या मोहन बागानला २-१ हरवलं, दोन्हीकडचे मिळून सात रेड कार्ड! तीन दिवसांनी एफसी गोवाने त्यांना कोलकात्यात ४-१ धुतलं, पुढे केरळ ब्लास्टर्सनेही हरवलं. जानेवारी उजाडताच बागानचे कोच हुआन फेरांडो गेले. आदल्याच सीझनला आयएसएल (इंडियन सुपर लीग) कप जिंकून देणारा माणूस! आता हे बुडाले, असं मला मनापासून वाटलं होतं.

बुडालो आपण. १५ एप्रिलला बागानच्याच सॉल्ट लेक मैदानावर शील्डसाठी, म्हणजे लीगमध्ये गुणांत पहिलं येणाऱ्याच्या बक्षिसासाठी, आपल्याला फक्त बरोबरी हवी होती. त्यांच्या लिस्टन कोलासोने पहिला गोल मारला, ८० व्या मिनिटाला कमिंग्जने दुसरा. ८९ व्या मिनिटाला आपल्या छांगतेने एक परत केला तेव्हा मी टीव्हीला इतका चिकटून उभा होतो की आईने हात धरून मागे ओढलं. नाही झाला दुसरा गोल. त्यांचे ४८ गुण, आपले ४७.

ती रात्र मी विसरलेलो नाही, म्हणूनच नीट बघितलं की त्यांना हे जमलं कसं. फेरांडोंच्या जागी आलेले अंतोनिओ हबास बाहेरून उचलून आणलेले नव्हते. त्याच क्लबात टेक्निकल डायरेक्टर होते. कोलकात्याच्याच संघाला त्यांनी पूर्वी दोनदा आयएसएल जिंकून दिली होती. कोणता खेळाडू कुठे कमी पडतोय हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आपलंही तसंच. आपले कोच डेस बकिंगहॅम नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेड क्लबला निघून गेले. पीटर क्रॅटकी आले ते मेलबर्न सिटीहून, म्हणजे तेव्हा आपल्याही क्लबचा मालक असलेल्या सिटी ग्रुपच्याच संघातून. खेळायची पद्धत तीच राहिली. ४ मेला आयएसएल कपच्या फायनलला आपण बागानला त्यांच्याच मैदानावर ३-१ हरवलं, आणि त्या दिवशी दोन्ही बाकांवर मध्येच आलेले कोच होते!

आता मँचेस्टर युनायटेड घ्या. २०२४ च्या उन्हाळ्यात कोच टेन हागचा करार वाढवला, त्याच्या मनासारखे खेळाडू घेतले आणि ऑक्टोबरअखेर त्याला काढलं. तेव्हा संघ चौदावा होता. नवे कोच अमोरिम आले ते मागे बचावाला तिघांना खेळवणारे, संघ मात्र चौघांच्या हिशेबाने बांधलेला. प्री-सीझन नाही, सरावाला उसंत नाही. शेवटी संघ लीगमध्ये पंधरावा आला. यात अमोरिमपेक्षा त्याला त्या वेळी आणणाऱ्यांची चूक मला मोठी वाटते. केरळ ब्लास्टर्सने डिसेंबर २०२४ मध्ये कोच स्टारेंना काढलं, तेव्हा कायमचा कोच तयारच नव्हता. हंगामी कोचवर लीग ओढली आणि आठवे आले.

खेळाडूंनीच कोचचं ऐकणं सोडलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे एक दिवसही थांबू नये. एरवी ग्रुपवर 'हटाव' लिहिताना पुढे एक नाव लिहा, आणि तो आपल्या या पोरांना ओळखतो का तेही लिहा. नाव पटलं तर मी तुमच्यासोबत. नसेल तर सीझन संपेपर्यंत मी आहे त्याच कोचच्या मागे उभा राहीन, अंधेरीला येऊन, दर मॅचला.